वहीतल्या नऊ खुणा

बबनमामा येळवंडे. आधी हे नाव लिहिते, मग बाकीचं. पुढं जे सांगणार आहे त्यात माझी भीती आहे आणि माझी एक चूक आहे. ती निभावली ती मामांमुळं. त्यांचं नाव शेवटी आभारात टाकलं तर वाचणारा तिथवर पोचेलच असं नाही, म्हणून पहिल्याच ओळीत.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. ते चाकणजवळच्या कुरुळीचे, जुन्या शेतकरी घरातले. जमिनीवर कारखाने आले तेव्हा ते कारखान्यात कामाला लागले आणि उतारवयात आमच्या लॅबमध्ये आले. मी हिंगोली जिल्ह्यातली, सेनगावच्या पुढं आमचं गाव. आठवीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं आणि नवऱ्यामागं कुरुळीत खोली करून राहिले. नवरा गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत, शिफ्टला. मी रस्त्यापलीकडच्या लहानशा लॅबमध्ये काचेची भांडी धुवायला लागले. त्याला अकरा वर्षं झाली. भांडी धुता धुता मी काय काय निरखते ते मामांनी पाहिलं आणि एक दिवस सरांना सांगितलं, ही बाई भांडं उपडं ठेवण्याआधी उजेडात धरून बघती, हिला आकडे घ्यायला बसवा. सर म्हणजे लॅबचे मालक, डॉक्टरेट झालेले, शांत माणूस, पण कायम घाईत. त्यांनी बसवलं. एवढंच माझं शिक्षण.

गावाकडं आई विचारते, तू तिथं काय करतीस? मी सांगते, ॲसिडात वायू किती मुरतो ते मोजते. आई म्हणते, कामून मोजायचं? मुरतो तर मुरू द्या की. आईला जे सांगते तेच इथं सांगते. सोड्याची बाटली उघडली की फस्सकन वायू बाहेर येतो. म्हणजे आधी तो आत मुरलेला होता. बाटली गार असली तर थोडा येतो, उन्हात तापलेली असली तर अंगावर येतो. ॲसिडचंही तसंच. कारखान्यांतून वापरलेलं ॲसिड निघतं, त्यात काही ना काही वायू मुरलेला असतो. थंडीत जास्त मुरतो. उन्हाळ्यात टाकी तापली की तोच बाहेर पडतो. ॲसिड किती तीव्र आहे, किती गार आहे, वरून दाब किती आहे, यावर सगळं ठरतं. आणि टाकीच्या झाकणाशी कुणीतरी माणूस उभा असतो, म्हणून मोजायचं.

मोजायचं कसं तेही सांगते, कारण माझी चूक त्यातच आहे. जाड काचेचं एक बंद भांडं असतं, त्याला आम्ही सेल म्हणतो. त्याला दुहेरी भिंत, त्या दोन भिंतींमधून हवं तेवढं गार किंवा गरम पाणी खेळतं. आत ॲसिड भरायचं. पंपानं त्यातली हवा ओढून काढायची. मग सिलिंडरमधून मोजून वायू सोडायचा आणि व्हॉल्व्ह बंद करायचा. ॲसिड वायू पिऊ लागतं तसा वरचा दाब उतरतो. बाहेरच्या मीटरवर आकडा खाली खाली येतो. अर्ध्या अर्ध्या तासानं सलग तीन वेळा तोच आकडा आला की समजायचं, ॲसिडचं पोट भरलं. दाब जितका उतरला तितका वायू आत गेला. पुढचं गणित सरांचं.

हे सगळं होताना ॲसिड ढवळत राहावं लागतं. नाहीतर वरचा थर पिऊन तृप्त होतो आणि खालचं उपाशीच राहतं. झाकण तर उघडता येत नाही. म्हणून तळाशी पांढऱ्या वेष्टणातली लोहचुंबकाची एक लांबट गोळी असते, बोटाच्या पेराएवढी. सेलच्या खाली मोटर असते, तिच्यावर दुसरं चुंबक. ते फिरलं की त्याच्या ओढीनं आतली गोळी फिरते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कितीतरी वेळ बघतच बसले होते.

आमच्या वहीत वेळ, तापमान आणि दाब असे छापील रकाने आहेत. शेवटचा रकाना छापील नाही. तो मामांनी पट्टी लावून प्रत्येक पानावर हातानं आखलेला. वर त्यांच्या अक्षरात: गोळी फिरते का. दर अर्ध्या तासानं डोळ्यांनी पाहायचं आणि खूण करायची. सर एकदा हसून म्हणाले होते, मामा, मोटरचा आवाज येतो की, दरवेळी काय वाकून बघायचं. मामांनी पुढचं पान घेतलं आणि रेघ मारली.

आता भीतीचं सांगते.

मी मुळातच भित्री. लॅबमध्ये आल्यावर भित्रेपणा हा गुण आहे असं मामा म्हणायचे. एकदा पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी आले होते. तळघरातल्या ड्रेनेजमध्ये ॲसिड टाकल्यावर वॉचमनला ठसका लागला, तेव्हा ते ॲसिड तपासून पाहिजे होतं. त्यांनी नमुना आणला तो पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत, आणि बोलता बोलता बाटली ठेवली थेट आमच्या माठाशेजारी. बाटली पारदर्शक, आतलं पाण्यासारखं. नाव नाही, चिठ्ठी नाही. मी भांडी पुसत होते, बाटली पाहिली आणि हातातलं भांडं खाली ठेवलं, कारण पाचच मिनिटांपूर्वी मी पाणी प्यायला उठणार होते. मामांनी बाटली दोन हातांनी उचलून नेली आणि सेक्रेटरींना म्हणाले, "साहेब, तुमच्या घरी बी अशीच ठिवता का?" साहेब ओशाळले. त्या दिवसापासून मी लॅबमध्ये घरून आणलेल्या तांब्यातलंच पाणी पिते. अजून.

दुसरा प्रसंग माझ्या अंगावरचा. वायूचं काम आम्ही हूडमध्ये करतो. हूड म्हणजे काचेचं मोठं कपाट, पुढची काच वर-खाली सरकते, आतली हवा वरच्या धुराड्यातून पंखा ओढून नेतो. एक दिवस मी सिलिंडर उघडला आणि नळीचा जोड निसटला. वायू होता सल्फर डायऑक्साइड, गंधक जाळल्यावर निघतो तो. दिवाळीत फटाक्याची लड तोंडाजवळ फुटल्यावर नाकात जे झोंबतं, ते शंभर पट करा. काच वर होती, माझं डोकं आत. एक घास मी गिळला म्हणायचं. घशाचं दार आपोआप बंद झालं, श्वास ना आत ना बाहेर. मामांनी दंडाला धरून ओढत बाहेर नेलं, वाऱ्याकडं तोंड करून बसवलं आणि सारखं विचारत राहिले, गावाचं नाव सांग, गावाचं नाव सांग. आवाज फुटतो का ते त्यांना बघायचं होतं. मला गाव आठवत होतं, पण तोंडातून निघेना. डोळ्यांपुढं आमची विहीर दिसत होती आणि नाव निघेना.

बरी झाले. पण महिनाभर खोकला राहिला आणि त्याहून जास्त दिवस एक गोष्ट राहिली. हूडची काच वर करायची म्हटलं की माझा हात जड व्हायचा. मी कुणाला सांगितलं नाही. भीती वाटते म्हटलं तर पुन्हा भांड्यांवर पाठवतील, किंवा घरी. नवरा म्हणालाच होता, सोड ते काम. मला सोडायचं नव्हतं. आकडा वहीत लिहून खाली माझी सही येते, हे मला आठवी शिकलेल्या बाईला लई मोठं वाटत होतं.

त्याच सुमारास मामांचं छातीचं जुनं दुखणं वाढलं. डॉक्टरांनी वायूच्या जवळपास फिरकू नका म्हणून सांगितलं. ते दाराजवळच्या टेबलाशी बसून सिलिंडरचा हिशेब आणि वह्या बघायला लागले. हूडपाशी मी एकटी.

अशात दत्ताच्या कंपनीचं काम आलं.

दत्ता हा नमुने घेऊन येणारा ऑपरेटर. चाकणच्या एका रसायनाच्या कारखान्यात होता, मूळचा परभणीकडचा, म्हणून माझ्याशी लगेच बोलायला लागला. कॅन ठेवून स्टुलावर बसायचा आणि मीटरकडं बघत चेष्टा करायचा, "काय करायलात ताई, अजून थांबना का त्यो आकडा? आमच्या म्हशीनं एवढ्यात हौद संपिवला असता." त्यांच्याकडं वापरलेलं गंधकाचं ॲसिड एका मोठ्या टाकीत साठायचं, तीव्र, तेलासारखं घट्ट, आणि त्यात हाच सल्फर डायऑक्साइड मुरलेला. थंडीत भरलेली टाकी उन्हाळ्यात तापली तर किती वायू सोडेल, हे कंपनीला पाहिजे होतं. कमी असेल तर टाकीची हवा आहे तशी वर मोकळी सोडणार. जास्त असेल तर पाइप टाकून वायू धुवायच्या टॉवरकडं न्यावा लागणार आणि झाकण उघडणाऱ्याला मास्क, हवेची नळी, सगळं द्यावं लागणार. खर्चाचं काम. सगळं आमच्या आकड्यांवर ठरणार होतं.

मी दत्ताला विचारलं, झाकण कोण उघडतं?

तो म्हणाला, "मीच की. झाकण उघडायचं, काठी बुडवायची, ॲसिड कुठवर आलंय ते बघायचं. उन्हाळ्यात लई झोंबतंय, मग मान इकडं करतो अन् काठी तिकडं."

त्यानं मान वळवून करून दाखवलं. आम्ही दोघंही हसलो.

तीन तापमानांना मोजायचं होतं. पंचेचाळीस, पंचवीस आणि दहा अंश. पंचेचाळीसला पाच तास लागले, पंचवीसला सहा. दोन्ही वेळा काच स्वच्छ होती, बाहेरूनच गोळी फिरताना दिसायची. दहाला मात्र गार पाण्यानं सेलच्या बाहेरच्या काचेला घाम आला. गार माठाला येतो तसा. आतलं काही दिसेना. गोळी पाहायची तर हूडची काच वर करायची, हात आत घालून फडक्यानं सेल पुसायचा, बॅटरी धरायची आणि तोंड जवळ न्यायचं.

मी काच वर केली नाही. मोटरचा आवाज येत होता, एकसारखा घुर्रर्र. मी मनाशी म्हटलं, मोटर फिरते म्हणजे गोळी फिरते. पहिली खूण केली. अर्ध्या तासानं दुसरी. दर वेळी वाटायचं, पुढच्या वेळी बघू. साडेचार तासांत आकडा थांबला. नऊ खुणा झाल्या होत्या. मी खाली सही केली आणि मला सुटल्यासारखं झालं.

सरांनी गणित केलं. गार आणि गरम यांत फरक फारसा आला नाही. म्हणजे टाकी तापली तरी थोडाच वायू निघणार. रिपोर्ट टाइप झाला, सरांची सही झाली. दत्ता दुसऱ्या दिवशी तो न्यायला येणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुसऱ्या गिऱ्हाइकाचं ॲसिड लावलं. तेही घट्ट, पण तापमान साधं, काच स्वच्छ. मोटर चालू केली, घुर्रर्र आवाज आला, आणि समोर गोळी तळाशी कडेला तिरकी पडून होती. हलत नव्हती. घट्ट ॲसिडात मोटर एकदम जोरात सोडली की खालच्या चुंबकाची ओढ सुटते. खालचं फिरत राहतं, वरचं पडून राहतं. आवाज मात्र तोच.

मी बघत उभी राहिले. मग कालची वही काढली. दहाचं पान उघडलं आणि आकड्यांवरून बोट खाली नेलं. पहिल्या अर्ध्या तासात आकडा झपकन उतरला होता, नंतर जवळजवळ जागीच. ॲसिड जितकं गार तितकं घट्ट, आणि जितकं घट्ट तितका मुरायला वेळ जास्त. पंचवीसला सहा तास लागले तर दहाला साडेचारात कसं थांबेल? ते थांबलंच नव्हतं. वरच्या थरानं पिऊन घेतलं होतं आणि खालचं उपाशी राहिलं होतं. किंवा नसेलही तसं. गोळी फिरत असेलही. मला माहीतच नव्हतं, आणि त्या माहीत नसण्यासमोर माझ्या हातच्या नऊ खुणा होत्या.

पहिला विचार काय आला तेही लिहिते. गप्प बसायचं. कुणी बघितलेलं नाही. आकडा बरोबरही असेल. दुसरा विचार नोकरीचा. तिसऱ्यांदा दत्ताची वळवलेली मान दिसली.

मी टेबलावरचा व्हाइटनर घेतला आणि मामांकडं गेले. कशाला घेतला होता ते मलाही नीट सांगता येणार नाही. मी म्हणाले, मामा, दहाच्या वेळी गोळी फिरत होती का नाही, मला सांगता येईना.

मामांनी वही स्वतःकडं वळवली. "खुणा कुनी केल्या?"

"मीच."

"बगून केल्या का?"

"काही बघून केल्या. काही आवाजावर."

हे खोटं होतं. नऊपैकी एकही मी बघून केली नव्हती. पण एवढं अर्धं बाहेर काढतानाच माझा जीव गेला होता, पुरतं निघालं नाही. मामांनी विचारलं, आवाजावरच्या कोणत्या? मी म्हटलं, आठवत नाही. त्यांनी मग माझ्या हातातला व्हाइटनर काढून घेऊन खिशात घातला.

"पुसायचं न्हाई. समद्यांवर एकेक आडवी रेघ मार, खालचं दिसाया पायजे. बाजूला सही कर. आन् सरांकडं तूच जा. मी दाराशी हाय."

मी नऊ रेघा मारल्या, नऊ सह्या केल्या. माझी सही हळू होते. तोवर दत्ता आलाच होता. सरांच्या खोलीत बसून चहा पीत होता, रिपोर्टचा लिफाफा समोर ठेवलेला. त्याच्यासमोर सांगावं लागलं.

सरांनी विचारलं, "म्हणजे गोळी फिरत नव्हती?"

मी म्हटलं, "माहीत नाही, सर."

"फिरत होती की नव्हती, गंगाताई?"

"तेच माहीत नाही."

सर कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही. म्हणाले, रिपोर्टवर माझी सही आहे, त्यांचे मॅनेजर रोज फोन करतात, आणि तुम्ही आत्ता सांगता. मग ही वही आपण कशासाठी ठेवतो? मला वाटलं, संपलं. भांडी सुद्धा गेली. गावी जाऊन आईला काय सांगायचं तेच डोक्यात फिरत होतं.

तेव्हा दारातून मामा बोलले. "सर, वहीतली येळ बगा. पंचवीसला सहा तास. दहाला साडेचार. आसं व्हईल का?"

सरांनी वही ओढली. वाचली. परत वाचली. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनीही फक्त शेवटचा आकडा उचलला होता, त्याच्या वरचे आकडे आणि वेळा कुणीच बघितल्या नव्हत्या. मग त्यांनी लिफाफा ड्रॉवरमध्ये ठेवला आणि दत्ताला म्हणाले, मॅनेजरना सांगा, दोन दिवस लागतील. दत्तानं तिथूनच फोन लावला. पलीकडच्या शिव्या आम्हाला खोलीत ऐकू येत होत्या. दत्ता फोन कानापासून लांब धरून मला म्हणाला, "ऐका ताई, तुमचंच कौतुक चाललंय." मला हसू आलं नाही.

सर माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "उद्या दहाचं पुन्हा लावा. तुम्हीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी सेल भरला. मामा ड्युटीच्या आधी आले होते. मी मनात धरून होते की निदान गोळी तरी मामा बघतील. त्यांनी खुर्ची घेतली आणि हूडपासून चार पावलांवर, खिडकीखाली, तोंडावर ओला रुमाल धरून बसले. म्हणाले, मला जवळ यायची बंदी हाय. मी येळ सांगतो, तू बग.

साडेसातला वायू सोडला. व्हॉल्व्ह बंद केला. मोटर लावली. अर्धा तास झाला.

"बग."

मी काच वीतभर वर केली. हात आत घातला. सेल पुसताना माझे दात वाजत होते, आणि ते गारव्यानं नव्हे. श्वास कोंडून तोंड जवळ नेलं. बॅटरीच्या उजेडात ॲसिड दिसलं, तेलासारखं, आणि तळाशी गोळी गरगर फिरत होती. काच खाली केली, खूण केली.

दुसऱ्या वेळी गोळी पडलेली होती. कडेला, तिरकी. मोटरचा आवाज जराही बदललेला नव्हता. मी ओरडले नाही, फक्त मामांकडं बघितलं. ते बसल्या जागेवरून म्हणाले, मोटर शून्यावर आण, आता हळूहळू वाढीव, लगीनघाई करू नको. मी बटण केसाकेसानं फिरवलं. गोळी जराशी हलली, थबकली, मग वळली आणि फिरू लागली. वहीत मी लिहिलं: गोळी थांबली होती, पुन्हा चालू केली. वेळ लिहिली. सही केली.

मग आकडा उतरायला लागला. आधीच्या वेळी जिथं थांबला होता तिथं सकाळी दहा वाजायच्या सुमारास पोचला आणि थांबला नाही. खाली गेला. आणखी खाली. अकरा वाजता, बारा वाजता, एक वाजता. दर अर्ध्या तासानं मी काच वर करत होते, आत वाकत होते, आणि दर वेळी मीटर सांगत होता की त्या टाकीत आम्ही लिहिलं होतं त्याहून किती जास्त वायू बसलेला आहे. हूडची भीती होतीच. पण दुपारनंतर दुसरी भीती तिच्यावर चढून बसली. तो लिफाफा गेला असता तर?

दुपारी डबा खाताना मामा आपणहून बोलले. इतक्या वर्षांत कधी बोलले नव्हते. आधीच्या एका कारखान्यात ॲसिडची टाकी धुवायचं काम होतं. टाकीत वायू नाही, आत उतरायला हरकत नाही, असा कागद आला होता. कागदावर खूण होती, सही होती. मामा आणि त्यांचा जोडीदार किसन, दोघं उतरले.

"मी शिडीजवळ व्हतो म्हणून वर आलो. किसन आलाच न्हाई. तवापासून ही छाती."

मी विचारलं, तो कागद कुणी लिहिला होता?

"घावला न्हाई. कुनी नावच सांगितलं न्हाई मला. भांडायचं नव्हतं गं. येकच इचारायचं व्हतं, तू वाकून बगितलं व्हतंस का? न्हाई म्हनला आसता तरी चाललं आसतं. पर तोंडानं म्हनाया पायजे व्हता."

मी घास हातात धरून बसले. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मामा, मीही बघितलं नव्हतं, एकदाही नाही. माणूस समोर होता, प्रश्न समोर होता, आणि मलाच ठाऊक होतं की त्या न सापडलेल्या माणसाच्या जागी मी बसले आहे. मामांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.

"टाइम झाला. बग."

मी उठले आणि गोळी बघायला गेले.

साडेपाचला आकडा थांबला. सलग तीन वेळा तोच. वीस नोंदी, वीसही वाकून बघून केलेल्या. सरांनी तिथंच उभं राहून गणित केलं. आधी लिहिलं होतं त्याच्या जवळजवळ दीडपट वायू गार ॲसिडात मुरत होता, आणि टाकी तापली की त्यातला बराचसा बाहेर येण्याच्या वाटेवर होता. सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. मामांना म्हणाले, तो रकाना आता छापूनच घेऊ. मामा म्हणाले, छापला की लोक वाचत न्हाईत, हातानंच आखू द्या.

माझी नोकरी गेली नाही. दत्ताच्या कंपनीनं कुरकुर करत पाइप टाकला, मास्क आणले. पुढच्या मे महिन्यात दत्ता नमुना घेऊन आला तेव्हा नेहमीसारखा स्टुलावर बसला आणि तक्रार करू लागला, तुमच्या एका आकड्यापायी आमाला दोन महिने पाइपं वढाया लागली ताई, पाठ गेली. म्हणाला, त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा मास्क लावून झाकण उघडलं तर आतून जे उसळलं ते मास्कच्या काचेवर दिसलं, धुकं आल्यासारखं. एवढं सांगून तो चहा प्यायला लागला. मी भांडी धुवायच्या मोरीपाशी गेले आणि नळ सोडून उभी राहिले, रडणं ऐकू जाऊ नये म्हणून.

मामा त्यानंतर थोड्याच महिन्यांत घरी बसले. कुरुळीतच आहेत, आमच्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर. ऑक्सिजनचं मशीन शेजारी असतं. मी सणासुदीला जाते, मामी चहा करतात. मामा लॅबचं विचारतात, नवीन माणसं वाकून बघतात का म्हणून. मी सांगते, बघतात. मी बघायला लावते. ते मान हलवतात. मग मी चपला घालते आणि परत येते. दर वेळी.

आता तुम्ही म्हणाल, कशाला सांगायचं? कुणाचं काही बिघडलं नाही, सगळं वेळेत सुधारलं, म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास. मीही स्वतःला असंच समजावते. पण मामांना दुःख झालं होतं ते फक्त छाती गेली म्हणून नव्हे, किसन गेला म्हणून तर होतंच, आणि त्या माणसानं कधी तोंडानं सांगितलं नाही म्हणूनही होतं. मी त्यांना अर्धंच सांगितलं. त्या अर्ध्यावर विश्वास ठेवून ते माझ्यासाठी दारात उभे राहिले.

मामा दिवाळी अंक वाचत नाहीत, बारीक अक्षर त्यांना दिसत नाही. तेव्हा इथं लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही, हे मला कळतं. त्यांनी मला जे दिलं ते मी दुसऱ्या कशानं फेडू शकणार नाही. फेडायचं तर त्यांच्या प्रश्नाचं उत्तर घेऊनच जावं लागेल. तो किसनचा कागद लिहिणारा माणूस त्यांना मी शोधून देऊ शकत नाही. पण तसाच एक माणूस त्यांच्यासमोर बसून, त्यांच्या डोळ्यांत बघून, तोंडानं बोलू शकतो. मामा, मशीनची घरघर चालू असेल, मामी आत चहा टाकत असतील, आणि त्या दिवशी मी चपलांकडं बघणार नाही. तुम्ही पुन्हा विचाराल, बगून केल्या का? मी म्हणेन, नऊपैकी एकही नाही, मामा. हे मी तुम्हाला देणार आहे. अजून धीर होत नाही, पण देणार आहे.